मातीचं बोट

"धाकटे गं धाकटे, तार बोलते खोटं,
आधी तिच्या हाती दे मातीचं बोट."

दादा हे दोन चरण बुटांच्या नाड्या आवळताना म्हणायचा. एकेका ओढीला एकेक शब्द. धाकटी तेव्हा शाळेत होती. पाठीवर दप्तर घेऊन ती दारात ताटकळायची आणि दादाचं काही आवरायचं नाही. "म्हणजे काय रे?" असं तिनं रोज विचारायचं आणि त्यानं रोज नव्यानं सांगायचं, हा त्यांचा सकाळचा खेळ होता.

"म्हणजे असं बघ. लाइन बंद केली की सगळे म्हणतात, तार मेली. पण तिच्या शेजारून दुसरी जिवंत तार जात असेल ना, तर या मेलेलीला तिची स्वप्नं पडतात. आपण भोळेपणानं हात लावायला जावं, तर ही झोपेतच डसते. म्हणून जिथं काम करायचं, तिथंच तांब्याच्या जाड दोरानं तिला टॉवरच्या लोखंडाशी बांधायचं. लोखंड जातं मातीत. एकदा मातीचं बोट धरलं की मग ती शहाण्या पोरासारखी गप."

"आणि नाही धरलं तर?"

"तर तुला शाळेला उशीर होईल. पळ!"

त्याचा आवाज थोडा घोगरा होता, आंघोळीचं पाणी अजून घशात झिरपतंय असा. एका दिवशी तो कामावर गेला आणि अशाच एका मेलेल्या तारेनं त्याला नेलं.

टॉवरच्या डाव्या अंगाची लाइन चालू होती, उजव्या अंगाची बंद. दादा उजव्या बाजूच्या तारेवर होता. चौकशी झाली, मोठे लोक येऊन मान वर करून बघून गेले. वर कुणी चढलं नाही. टॉवरवर दादाबरोबर एकच माणूस होता, त्याचा जोडीदार. त्याला सगळे काका म्हणत. काकांनी सांगितलं, पोरगं घाईत होतं, अर्थिंगचा दोर मातीशी बांधायच्या आधीच तारेवर गेलं. त्यावर शिक्का बसला. कामगाराची चूक.

पुढे काका फोरमन झाले, आणि नवे कामगार भरती झाले की त्यांना ओळीनं बसवून पहिला धडा द्यायला लागले. "आमच्यात एक विसरभोळा होता," अशी त्यांची सुरुवात असे. नवे लोक हसत. मग काका तो कसा मेला ते सांगत आणि हसणाऱ्यांची तोंडं उतरत. धडा चांगला बसे. इतका की दादाचं खरं नाव कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, विसरभोळा तेवढा राहिला.

धाकटीनं तारेचंच काम शिकून घेतलं. काकांनीच शब्द टाकला आणि ती त्यांच्याच तुकडीत आली. पहिल्या दिवशी नव्यांच्या ओळीत बसून तिनं तो धडा ऐकला. शेजारचा खुदकन हसला. तिनं त्याच्याकडे पाहिलं नाही. तिनं फक्त काकांचे ओठ पाहिले, आणि हे ओठ एक दिवस मी उघडीन, नाहीतर कायमचे मिटवीन, असं मनाशी ठरवलं.

तोवर नुसता संशय होता. खात्री पटली ती गेल्या वर्षी.

पाहणीसाठी म्हणून ती दादाच्या टॉवरवर पहिल्यांदा चढली. तार पेलणारा टॉवरचा उजवा आडवा हात जिथं मुख्य सांगाड्याला जुळतो, तिथं लोखंडावर तळहाताएवढा एक डाग होता. रंग कानशीनं खरवडलेला, वर गंज चढलेला. खरवड तिरकी होती. बाकीचे आडवी कानस मारतात. दादा डावखुरा, त्याची तिरकी जायची. आणि त्या डागाच्या मधोमध, गंजातही स्पष्ट, अर्थिंगच्या दोराच्या क्लॅम्पनं, त्याच्या स्क्रूनं घेतलेला चावा होता. गोल, खोल, पुरता आवळल्याचा.

तिनं त्या चाव्यात करंगळी घातली.

म्हणजे दादानं रंग खरवडला होता. क्लॅम्प लावला होता. आवळला होता. मग तो काढला कुणी? वर दोघंच होते.

ती कुणाला सांगणार तोच ठेकेदाराची माणसं आली आणि त्यांनी सगळे टॉवर चंदेरी रंगानं लख्ख रंगवले. एक सोडून दोन हात दिले. डाग बुजला, चावा बुजला. आता पुरावा एकाच ठिकाणी उरला होता, काकांच्या तोंडात.

आणि ते तोंड दर शुक्रवारी संध्याकाळी तिच्याच घरी चहा पीत होतं!

हे तिच्या घशाखाली उतरत नसे. आई शिवणकाम करायची. काका आले की ती मशीन थांबवायची, दादाच्या फोटोसमोर बरोबर मधे खुर्ची ओढायची आणि दादाच्याच निळ्या मगात काठोकाठ चहा भरून त्यांच्या हातात द्यायची. मग पुन्हा मशीनवर. बोलणं नाही, चालणं नाही. मशीनची खडखड आणि काकांचे घोट. निळा मग रिकामा झाला की काका उठत. "येतो, वहिनी." "या, भाऊजी. पुढच्या शुक्रवारी."

"कशाला गं लाड करतेस त्यांचे?" धाकटी दातओठ खात विचारायची.

"जुनं माणूस आहे," आई म्हणायची आणि सुईत दोरा ओवायची.

भोळी आहे माझी आई, धाकटीला वाटे. पोराला मारणाऱ्याला पोराच्याच मगातून चहा पाजते. आईच्या वाटणीचा रागही मग ती स्वतःच्याच पोटात साठवायची.

आणि आज तो दिवस उगवला होता.

काम त्याच लाइनवर होतं. उजव्या अंगाचे तडकलेले इन्सुलेटर बदलायचे होते. डावी लाइन चालू, उजवी बंद. तुकडीत काका, धाकटी, ढोल्या आणि दोन नवे. ढोल्या म्हणजे काडी पैलवान; वारा सुटला की त्याला टॉवरला बांधून ठेवावं लागेल अशी चेष्टा चाले. त्याचा खांदा कालपासून धरला होता.

"मी खालून दोर सांभाळतो," ढोल्या कण्हत म्हणाला. "वर गेलो तर एका हातानं लोंबकळेन. आमच्या घरात तेवढीच करमणूक होईल."

"मग मी चढतो," काका म्हणाले. ते हल्ली चढत नसत. केस पिकले होते, गुडघे वाजायचे.

"तुम्ही? काका, वर पोचेपर्यंत लाइन चालू करायची वेळ होईल!"

"तू दोर बघ रे, काड्या."

"अर्थिंग मी बांधते," धाकटी म्हणाली. आवाज अगदी रोजचा निघाला. तिचं तिलाच नवल वाटलं.

दोघं चढले. वर वारा होता, आणि डावीकडच्या तारांची ती गुणगुण, जी खाली कधी ऐकू येत नाही. काका आडव्या हाताच्या मुळाशी पट्टा अडकवून दम खात बसले. धाकटीनं तांब्याचा दोर खांद्यावरून उतरवला. एका टोकाला क्लॅम्प, दुसऱ्या टोकाला तारेवर अडकवायचा आकडा. आधी क्लॅम्प लोखंडाला, मग लांब काठीनं आकडा तारेला. सोडताना उलटं. हा क्रम तिला झोपेतही आला असता.

समोर लोखंड नव्या रंगानं चकचकत होतं. कंबरेला कानस लटकत होती. तिनं कानशीला हात लावला नाही. क्लॅम्प तसाच रंगावर बसवला आणि स्क्रू आवळला. बघणाऱ्याला काही खोट दिसली नसती. क्लॅम्प घट्ट, दोर जाड, गाठ देखणी. फक्त क्लॅम्पचं लोखंड टॉवरच्या लोखंडाला भेटलंच नव्हतं. मधे रंगाचे दोन हात उभे होते. तार मातीचं बोट शोधत राहणार होती आणि ते तिला मिळणार नव्हतं.

ज्या रंगानं दादाचा पुरावा बुजवला, त्याच रंगात हा म्हातारा बुजेल. उद्या लोक म्हणतील, रंग खरवडायला विसरली. म्हणू देत. विसरभोळ्याची बहीण. नाहीतरी पाठीमागे तेच म्हणतात.

तिनं काठी उचलून आकडा तारेला लावला. "झालं, काका."

काका तिच्याकडे बघत होते. मग त्यांनी क्लॅम्पकडे बघितलं. मग हातमोजे काढले, नीट घडी घालून खिशात ठेवले आणि उघड्या हातांनी ते आडव्या हातावरून तारेच्या दिशेनं सरकायला लागले.

उघड्या हातांनी?

"काका!"

ते थांबले. वळले नाहीत.

"कुठं निघालात?"

"कामाला."

"हातमोजे?"

"कानस वाजली नाही, पोरी," काका वाऱ्याला सांगावं तसे म्हणाले. "आकडा लागताना तारेचं चट् झालं नाही. इतकी वर्षं हेच ऐकत आलोय. मला कळणार नाही होय?"

"कळलं, मग पुढं का निघालात?"

"तुझी आई मला बोलू देत नाही आणि मरूही देत नाही. म्हटलं, लेक तरी मोकळं करतेय."

"आईचं काय मधेच?"

आता ते वळले. चेहरा शांत होता, सुट्टी मंजूर झालेल्या माणसासारखा. "तिला सगळं ठाऊक आहे. तो गेला त्याच आठवड्यात मी तिच्या पायाशी जाऊन बसलो होतो. साहेबांकडे जाऊन सांगतो म्हटलं. ती म्हणाली, 'नाही सांगायचं. बोललात की हलके व्हाल, भाऊजी. मला तुम्ही जड हवे आहात. दर शुक्रवारी यायचं, त्याच्यासमोर बसायचं, त्याच्या मगातून प्यायचं. आणि कुठं जीव द्यायला गेलात, तर तुमच्या बायकोला मी स्वतः सगळं सांगेन.' पोरी, तो चहा गोड असतो. तसा कडू घोट मी आयुष्यात प्यालो नाही."

सगळे शुक्रवार धाकटीच्या डोळ्यांपुढून उलटे फिरले. ओढलेली खुर्ची, काठोकाठ भरलेला मग. सुईत दोरा ओवताना आईची मान खाली असायची ती म्हणूनच. भोळी म्हणे! आई दर आठवड्याला, न चुकता, थेंबाथेंबानं सूड उगवत होती आणि पोटच्या पोरीला पत्ता लागू दिला नव्हता.

आणि मी याला काय देतेय? एक झटका. उद्या ऑफिसात याचा फोटो लागेल. इमानी फोरमन, कामावर गेला. साहेब लोक दोन मिनिटं उभे राहतील. दादा विसरभोळा राहील आणि हा हुतात्मा होईल. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मघाचा राग याच्यापुढं काहीच नव्हता.

"मागं या."

"पोरी, आता..."

"मागं या म्हणते ना! एवढ्या स्वस्तात सोडेन असं वाटलं तुम्हाला?"

काका मुकाट्यानं मागं सरकले. धाकटीनं काठीनं आधी तारेवरचा आकडा सोडवला, मग क्लॅम्प. रागानं डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, पण हातानं क्रम चुकवला नाही. मग तिनं कानस उपसली आणि रंगावर अशी चालवली की चंदेरी पापुद्रे वाऱ्यावर उधळले. लोखंड पांढरं लखलखलं. तिथं क्लॅम्प. आवळ, आणखी आवळ. मग काठी, मग आकडा.

चट्! तार एकदा करवादली आणि गप झाली.

"आता जा," ती म्हणाली. "हातमोजे घाला. एकही खिळी ढिली ठेवायची नाही. मला तुम्ही धडधाकट खाली हवे आहात. आज शुक्रवार आहे."

काम पुरं झालं. खाली उतरल्यावर धाकटीनं ढोल्याला आणि दोघा नव्यांना सांगितलं, "आज सगळ्यांनी आमच्या घरी चहाला यायचं."

"काय विशेष?" ढोल्या खूश झाला. "स्थळबिळ आलंय की काय? चहाबरोबर काही खायला असेल तर मी दुखऱ्या खांद्यासकट येतो."

"ऐकायला आहे. खायला नाही."

"म्हणजे काकांचं भाषण! मेलो."

काका हसले नाहीत. संध्याकाळी धाकटीच्या घराचा जिना चढताना त्यांचे गुडघे वाजत होते.

आईनं दार उघडलं आणि एवढी माणसं बघून ती दारातच थबकली. खोली लहान. एका भिंतीला मशीन, दुसऱ्या भिंतीला पलंग, मधे ती खुर्ची, आधीच ओढून ठेवलेली. नवे दोघं कापडाच्या गठ्ठ्याशेजारी अंग चोरून बसले. ढोल्या पलंगाच्या कडेवर टेकला आणि पलंग कुरकुरला नाही म्हणून स्वतःच कुरकुरला, "बघा, पलंगालासुद्धा माझं वजन कळत नाही."

"एवढे कप नाहीत आमच्याकडे," आई म्हणाली.

"कप राहू देत, आई. काकांना बोलायचंय."

आईनं एकवार लेकीकडं पाहिलं, एकवार काकांकडं. तिला उमजलं. तिचा चेहरा ताठ झाला.

"भाऊजींना काही बोलायचं नाही. भाऊजी, बसा. चहा होतोय."

काका सवयीनं बसले.

"मला सगळं कळलंय," धाकटी म्हणाली. "तू त्यांना गप्प केलंस ते."

"मग शहाणी असशील तर तूही गप्प बस. बोलले की आज रात्री यांना झोप लागेल. माझ्या पोराच्या बदल्यात मी यांची झोप घेतलीय. ती मी परत देणार नाही."

ढोल्याची चेष्टा घशातच विरली. नवे दोघं एकमेकांकडे बघायला लागले. आत स्टोव्हवर चहा उतू गेला, कुणी उठलं नाही.

"तुला झोप मिळाली यांची," धाकटी म्हणाली. "दादाला काय मिळालं? तुला माहीत आहे, कामावर त्याला काय म्हणतात?"

"काय म्हणतात?"

"ढोल्याभाऊ, सांगा."

ढोल्यानं मान खाली घातली. दोघा नव्यांपैकी एकाला बिचाऱ्याला काही ठाऊक नव्हतं. फोटोकडे बघत तो अजाणतेपणी पुटपुटला, "हा... हाच तो विसरभोळा?"

आईचा हात मशीनच्या चाकावर होता. तो तिथंच राहिला.

"कोण म्हणतं विसरभोळा?" ती हळूच म्हणाली. "चांगला डब्याचं झाकणसुद्धा दोनदा बघून निघायचा. कोण म्हणतं?"

"काका शिकवतात, आई. दर भरतीला. पहिला धडा तोच. पोरं हसतात."

आईनं काकांकडं पाहिलं. इतक्या शुक्रवारांत तिनं त्यांच्याकडं असं सरळ पाहिलं नसेल.

"माझ्या घरात येऊन त्याच्या मगातून प्यायचात," ती म्हणाली, "आणि तिकडं जाऊन त्याच्यावर पोरं हसवायचात?"

"वहिनी, चौकशीत एकदा तसं सांगितलं होतं. मग तेच सांगत राहावं लागलं..."

"उठा."

काका उठले. तिनं खुर्ची पायानं बाजूला सारली. ती भिंतीवर आपटली.

"आता बोला. उभं राहून बोला. यांच्या तोंडाकडं बघून बोला, फोटोकडं नाही. त्याच्याकडं बघायचा हक्क तुमचा संपला."

काका नव्यांकडे वळले. सकाळी ज्यांना ते दम देत होते, तीच दोन तोंडं.

"अर्थिंग त्यानं बांधलं होतं," ते म्हणाले. "माझ्यासमोर. रंग खरवडून, व्यवस्थित. तो विसरला नव्हता. काढलं मी. पुढच्या टॉवरवरच्या लोकांना दोर कमी पडला होता, खालून ओरडत होते, पाठवा लवकर. मी म्हटलं, लाइन दोन्ही टोकांना मातीशी बांधलेली आहेच, मधे घटकाभर नसलं तर काय होतंय. आम्ही सगळे तेव्हा तसंच म्हणायचो. मी दोर सोडवला आणि खाली धाडला. तो अजून तारेवर होता."

"हे मला माहीत आहे," आई म्हणाली. "तो उतरला असं वाटलं तुम्हाला, म्हणून काढलंत. तेव्हाच सांगितलंत. ह्यांना सांगा."

काकांनी नकारार्थी मान हलवली. धाकटीनं त्यांच्याकडं पाहिलं. टॉवरवरची ती शांतता त्यांच्या चेहऱ्यावर कुठंच उरली नव्हती.

"तसं नाही, वहिनी," ते म्हणाले. आवाज इतका खाली गेला की ढोल्या पुढं वाकला. "ते मी तुम्हाला खोटं सांगितलं. तो उतरला असं मला वाटलं नव्हतं. त्यानं मला काढताना पाहिलं. तो म्हणाला, 'काका, थांबा, माझा हात तारेवर आहे.' मी ऐकलं होतं. पोरगं उगाच भितंय असं वाटलं मला. मी हसलो, आणि काढलं."